एकोणीस तारखेला काय घडलं

१

एकोणीस तारखेच्या पेपरात एक खोटी गोष्ट छापून आली, आणि ज्याच्या नावावर ती छापली गेली तो माणूस त्याआधीच जग सोडून गेला होता. मेलेल्या माणसाची ही एक सोय असते. त्याच्यावर काहीही ढकलावं, तो हरकत घेत नाही.

खोटं तसं लहानसंच होतं. ‘आजचा दिवस’ या रोजच्या चौकटीत म्हटलं होतं की, याच तारखेला शहराच्या दीपगृहाचा दिवा पहिल्यांदा लागला. सकाळचे चहाचे कप विसळून होताहेत तोच दीपगृहाच्या जुन्या रखवालदाराचा नातू संपादकांच्या केबिनमध्ये हजर झाला. आमच्या आजोबांनी तो दिवा भर उन्हाळ्यात लावला, तुमच्या पेपरानं तो थंडीत कसा लावला, असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

ही चौकट बाबा लिहीत. कोणत्या तारखेला कुठला पूल खुला झाला, कुठलं जहाज बुडालं, कुठली लस सापडली, हे त्यांच्या डोक्यात दिनदर्शिकेसारखं टांगलेलं असे. कार्यालयात त्यांना तारीखवाले म्हणत. त्यांच्या इतक्या वर्षांच्या लिखाणात एकही तारीख चुकली नव्हती. निवडक ‘आजचा दिवस’ असं पुस्तक काढायचंही ठरलं होतं.

त्यांच्या मुलीला संपादकांनी बोलावून घेतलं ते बाबांचं सामान न्यायला, असं फोनवर तरी म्हणाले. ती पाणीपुरवठा खात्यात होती. रस्त्याखालच्या नळांची गळती शोधायची, हे तिचं काम. ती साइटवरून तशीच आली. संपादक बसा म्हणाले. ती उभीच राहिली. बाबा गेल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. बसलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे आणि ती पुन्हा उठे.

संपादकांनी एक छोटा मजकूर तिच्यापुढे सरकवला. रविवारी तो छापायचा होता. दिवंगत सदरलेखकांच्या अखेरच्या काळातील प्रकृतीमुळे सदर मजकुरात चूक राहिली, वाचकांनी क्षमा करावी. पुस्तकाचा बेतही रद्द. एक तारीख चुकली म्हणजे बाकीच्यांवर कोणी विश्वास ठेवायचा?

तिनं ‘प्रकृतीमुळे’ या शब्दावर बोट ठेवलं. बाबांचं हृदय बंद पडलं, डोकं नव्हे, असं ती म्हणाली.

संपादक चांगले गृहस्थ होते. त्यांना हे बोलणं जड जात होतं. त्यांनी सांगितलं की, महिनाअखेरपर्यंतचा मजकूर बाबांनी तयार करून ठेवला होता, फक्त एकोणीसचा कागद कोरा निघाला. तेव्हा उपसंपादकानं बाबांच्याच तोंडून ऐकलेलं दीपगृह तिथे घातलं. ते चुकल्यावर चौकशी केली, तर मुद्रितशोधक बाई म्हणाल्या, मला ते एकोणीससाठी वेगळंच काही सांगत होते.

“एकाच तारखेसाठी माणूस दोघांना दोन गोष्टी सांगतो,” संपादक हळू आवाजात म्हणाले. “त्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.”

बाबांनी तिला तर तिसरीच सांगितली होती.

२

रोज संध्याकाळी बाबा तिला फोन करून पुढची एखादी तारीख ऐकवत. तो त्यांचा आपसातला रिवाज होता. लहानपणी गोष्ट, मोठेपणी तारीख. जाण्याच्या थोडं आधी ते म्हणाले होते, “एकोणीसला काय आहे, माहीत आहे? चौकातल्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं. पाणी सोडणाऱ्या इंजिनिअरनंच आधी ओंजळ धरली.”

तिनं हसून म्हटलं होतं की बाबा, ते मार्चमध्ये. तुम्हीच मला दर मार्चला सांगता, आमच्या खात्यात त्या दिवशी पेढे वाटतात. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, हो, बरोबर आहे तुझं, आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

त्या शांततेनं तिची झोप उडवली होती. डॉक्टरांकडे चला म्हणावं, असं तिच्या मनात होतं. म्हणायचं तेवढं राहिलं. आईलाही तिनं हे सांगितलं नव्हतं. आता तीच गोष्ट संपादक छापणार होते, आणि खरं सांगायचं तर पुरावा तिच्याच खिशात होता.

तिनं शनिवारपर्यंत मुदत मागितली. संपादक म्हणाले, शनिवारी संध्याकाळी पान लागेल, तोवर बघा.

बाबांचं टेबल खिडकीपाशी होतं. पुढच्या तारखांचे कागद ओळीनं लावलेले होते, अक्षर छापल्यासारखं. ती एकेक उचलून बघू लागली. तारखा तिला पाठ होत्या. बापानं जन्मभर दुसरं ऐकवलं काय होतं? एकही चूक नव्हती. एकोणीसच्या कागदावर मात्र वर तारीख, खाली रेघ, आणि पुढे काही नाही. खाडाखोड नाही, शाईचा डागही नाही.

कागद हातात धरून ती येरझारा घालू लागली. डोकं भरकटलेला माणूस चुकीचं लिहील, दोनदा लिहील, लिहून खोडेल. आगेमागे सगळं चोख लिहून एकच कागद स्वच्छ कोरा ठेवणार नाही. कोरा ठेवायला तर शुद्ध लागते. टेबल उघड्यावर होतं, येताजाता कोणीही डोकवावं असं. बाबांना एकोणीसचं काही कोणाच्या नजरेला पडू द्यायचं नव्हतं.

पण तोंडानं तर ते सगळ्यांना सांगत सुटले होते. मग लपवायचं काय होतं?

३

उपसंपादक तरुण, कपड्यांना इस्त्री आणि बोलण्यालाही. त्याला बाबांची चौकट स्वतःकडे हवी होती आणि तसं तो लपवतही नव्हता. तारीखवाल्यांनी मला दीपगृह सांगितलं ते जिन्यात, तो म्हणाला. आमचं घर दीपगृहाच्या पायथ्याशी, म्हणून मुद्दाम सांगतो म्हणाले. त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हे मला इथे पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं. आता तोच विश्वास माझ्या अंगाशी आला.

“माझी चूक झाली ती एवढीच, की मी त्यांना चुकणारा माणूस समजलो नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो फसल्याचा होता, फसवल्याचा नव्हे.

मुद्रितशोधक बाईंचं आणि बाबांचं जन्माचं भांडण. बाबा त्यांना स्वल्पविराम म्हणत, आणि त्या बाबांना तुमचे पूर्वज वाक्य संपवायला विसरले होते का, असं विचारत. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी आधी मुलीकडे नीट पाहिलं. बस गं, म्हणाल्या. ती टेबलाला टेकली फक्त.

बाईंना बाबांनी टेलिफोनची गोष्ट सांगितली होती. शहरातला पहिला टेलिफोन डॉक्टरांच्या घरी वाजला आणि उचलायला कोणी धजेना. बाईंची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, म्हणून तुमच्यासाठी राखून ठेवलीय म्हणाले.

“गोष्ट खरी आहे,” बाई म्हणाल्या. “पण ती मेमधली. मेमध्ये तिचं प्रूफ मीच तपासलंय. मी त्यांना तसं म्हणाले नाही. भांडायला समोरचा माणूस धड लागतो. मला वाटलं... जाऊ दे.” मग चष्मा खाली ओढून त्या कुठल्याशा मजकुराशी भांडू लागल्या.

मुलगी थबकली. दीपगृह खरं, उन्हाळ्यातलं. टेलिफोन खरा, मेमधला. नळही खरा, मार्चमधला. बाबांनी एकही घटना रचली नव्हती. ज्यांनी जन्मात कधी खोटं लिहिलं नाही त्यांना ते जमलंही नसतं. त्यांनी खऱ्या घटना उचलून एकाच तारखेवर आणून ठेवल्या होत्या. आणि प्रत्येक घटना ऐकणाऱ्याच्या मापाची होती.

राहिले चौकटकाका. ते पानांची मांडणी करत. कुठलीही बातमी हातात पडली की आधी तिला चौकट घालत, म्हणून हे नाव. बाबा गेले त्या दिवशी घरी येऊन सगळ्यांत जास्त तेच रडले होते. आताही त्यांचे डोळे भरून आले. नदीवरचा लांबलचक पूल रोज पायी ओलांडून गुडघे गेलेत, लेक पलीकडच्या काठाला दिली आहे, संध्याकाळचं जेवण तिच्याकडेच असतं, असं बरंच काही ते बोलले. पण तारखांचं विचारलं तेव्हा त्यांनी हात झटकले.

“मला ते कशाला सांगतील, पोरी? मी आपला चौकटी आखणारा माणूस. एकोणीसचं मला काहीसुद्धा बोलले नाहीत.”

सामान बांधताना तिला बाबांचा कप सापडेना. कान तुटलेला, निळ्या रेघेचा. आईनं तो आठवणीनं आणायला सांगितला होता. तिनं टेबलं पालथी घातली, मोरीत पाहिलं. शेवटी तो मिळाला तो चौकटकाकांच्या फळीवर, त्यांच्या कपाशेजारी, धुऊन पालथा घातलेला.

रोज माझ्याकडेच चहा प्यायचे, काका म्हणाले आणि त्यांनी कप फडक्यानं पुसून तिच्या हातात दिला.

ती जिना अर्ध्यापर्यंत उतरली आणि तिथेच थांबली. बाबा, आणि चहा पिताना तारीख सांगणार नाहीत?

४

आई भाजी निवडत बसली होती. मुलगी खोलीतल्या खोलीत फिरत राहिली. खुर्ची सरकव, पडदा ओढ, पुन्हा खुर्ची जागेवर ठेव. अगं, फरशी झिजवशील, आई म्हणाली.

बाबा शेवटी शेवटी विसरायला लागले होते का, असं तिनं सरळच विचारलं. आईचा हात थांबला. थोडंफार, ती म्हणाली. घरात एक पेपर येत असताना सकाळी फिरायला जाऊन दुसरा घेऊन यायचे. रोज. मी काही बोलले नाही, माणसाला लाज वाटते. मग पेपरवाल्यालाच सांगून ठेवलं त्यांनी, तो अजून टाकतो. मी तो चपलांच्या कपाटात अंथरते.

मुलगी कपाटापाशी गेली. चपला बाहेर काढल्या, पेपर ओढले. ते दुसरे पेपर त्यांचे नव्हतेच. पलीकडच्या काठावर निघणारा, बाबांच्या पेपराचा वैरी. प्रत्येकाच्या आतल्या पानावर एक चौकट होती, ‘इतिहासात आज’. तिनं बाबांचे जुने अंक आणून शेजारी पसरले. त्याच सकाळी त्याच घटना, शब्द तेवढे फिरवलेले. पावसाळ्यापासून हेच चाललं होतं.

म्हणजे बाबा विसरत नव्हते. ते मोजत होते, आपलं किती चोरीला जातंय ते.

आणि चोरी छापील पानावरून होत नव्हती. इकडे पान लागतं तोवर पलीकडचा पेपर छापायला गेलेला असतो. हे तिला माहीत होतं, बाबांनीच कधीतरी सांगितलेलं. टेबलावरचे कागद कोणी बघितले असते, पण एकोणीसचा तर बाबांनी कोराच ठेवला होता; म्हणजे त्यांचा संशय बोलण्यावर होता. बाबांना बोलायची खोड, आणि ते ज्यांच्याशी बोलत त्यांतल्याच कोणाच्या तरी कानातून ते पलीकडे जात होतं.

गळती. ती जमिनीवर पसरलेल्या पेपरांत उकिडवी बसली होती, ती ताडकन उभी राहिली. मागे एकदा बाबांनी फोनवर तिला तिच्या कामाचं विचारलं होतं. एरवी ते कधी विचारत नसत. तीन-चार नळ एकाच खड्ड्याशी येत असतील आणि खड्ड्यात पाणी साठत असेल, तर गळतोय कुठला हे तुम्ही ओळखता कसं? तिनं सांगितलं होतं की सोपं आहे, बाबा. प्रत्येक नळात वेगळा रंग सोडायचा. खड्ड्यात जो रंग दिसेल तो नळ फुटका. आणि आपल्याच घरचा नळ असला तर, त्यांनी विचारलं होतं. तो तर आधी तपासायचा, ती म्हणाली होती, नाहीतर लोक नावं ठेवतात. बाबा बराच वेळ हसले होते.

दीपगृह. टेलिफोन. एकाच तारखेत सोडलेले वेगवेगळे रंग.

“आई, एकोणीसचा पेपर कुठे आहे? पलीकडचा?”

आईनं पायाजवळचा बूट बाजूला करून त्याखालचा पेपर काढून दिला. सर्कशीचे हत्ती, पेपरात छापलं होतं. याच तारखेला नदीवरच्या नव्या पुलाची मजबुती बघायला त्यावरून आधी सर्कशीचे हत्ती चालवण्यात आले.

पूल. गुडघे गेलेल्या माणसाचा रोजचा पूल.

५

शनिवारी दुपारी ती कप घेऊन परत गेली आणि तो तिनं चौकटकाकांच्या फळीवर, होता तिथेच ठेवला. काका रविवारचं पान लावत होते. कोपऱ्यात क्षमायाचनेची चौकट आखून तयार होती, दुहेरी रेघेची.

ती म्हणाली की उपसंपादकाला दीपगृह मिळालं, बाईंना टेलिफोन. दोघांनी ते कबूल केलं, कारण दोघांना लपवायचं काही नव्हतं. पलीकडच्या पेपरात हत्ती चालले. हत्तींची गोष्ट बाबांनी कोणाला सांगितली, हे कोणीच म्हणत नाही. ज्याला बाबांनी काहीच सांगितलं नाही असा इथे एकच माणूस आहे, आणि बाबा रोज त्याच्याकडे चहा पीत.

काकांनी पट्टी खाली ठेवली. ती हातातून घसरली असंच दिसलं.

“जावई आहे माझा तिकडे,” ते म्हणाले. “चौकट त्याच्या गळ्यात मारली, आणि त्याला काही म्हणजे काही सुचत नाही. नोकरी गेली असती. लेक रडली माझ्यापाशी. मी म्हटलं, दोन-चार दिवस हात द्यावा. मग तो रोजच विचारायला लागला.”

ती उभी होती. खिडकीतून पूल दिसत होता.

“त्यांना कळलं होतं?” काकांनी विचारलं.

“संशय होता. म्हणूनच हे सगळं.”

“पण ते चहाला येत होते.” काकांनी फळीवरच्या कपाकडे बोट केलं. “शेवटच्या दिवसापर्यंत येत होते, पोरी. हत्तींची गोष्ट सांगताना स्वतः हत्तीसारखं चालून दाखवलं त्यांनी इथे.”

तिला ते डोळ्यांसमोर दिसलं, आणि ते दिसू नये म्हणून तिनं नजर पानावर वळवली. सापळा लावून बाबा एकोणीसची वाट बघत होते. सापडेपर्यंत कोणालाही चोर म्हणायचं नाही, हाही त्यांचा हिशोब. संपादकांनासुद्धा म्हणून सांगितलं नसणार. एकोणीसला ते सकाळीच दोन पेपर घेऊन बसले असते. तेवढी मुदत त्यांना मिळाली नाही.

“ही चौकट तुम्ही तुमच्या हातानं लावणार होतात,” ती म्हणाली.

काकांनी त्या दुहेरी रेघेवरून बोट फिरवलं. माझ्यासाठी एवढं कर, संपादकांना तू सांग, मला तोंड नाही, ते म्हणाले. ती म्हणाली, मी नाही सांगणार. पान लागायच्या आत तुम्ही सांगा.

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. केबिनच्या दारापाशी ते थांबले तेव्हा तिला वाटलं, परत फिरतील. मग त्यांनी दार लोटलं.

मुद्रितशोधक बाई आपल्या जागेवरून सगळं ऐकत होत्या. “म्हणजे माझ्यावरही संशय होता म्हणायचा त्यांचा,” एवढंच म्हणाल्या आणि पुढे पुटपुटल्या, “आगाऊ माणूस.” पण त्यांचा चेहरा उजळला होता. भांडायला समोरचा माणूस धड होता, हे त्यांना आता कळलं होतं.

६

रविवारच्या पेपरात कोपऱ्यात छापून आलं की, दीपगृहाची तारीख कार्यालयाच्या हातून चुकली; सदरलेखकांनी त्या दिवसाचा मजकूर लिहिलेलाच नव्हता. पुस्तकाचं काम सुरू होत असल्याचंही खाली होतं. चौकट एकेरी रेघेची होती, आणि रेघ किंचित वाकडी. ती कोणी आखली, हे मुलीनं विचारलं नाही.

आईनं ते वाचून घडी घातली. चपलांच्या कपाटात न ठेवता उशाशी ठेवली. मग तिला सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं. मुलगी फेऱ्या मारत सांगत राहिली: कोरा कागद, दीपगृह, टेलिफोन, हत्ती.

“मला नाही काही सांगितलं एकोणीसचं,” आई म्हणाली.

“तू ऐकतेस कुठे त्यांचं? तुझ्याकडून काय गळणार?”

“नाही ऐकलं, म्हणून तर संसार झाला,” आई म्हणाली. ती खूश झाली होती. अख्ख्या शहरात संशयापलीकडे ती एकटीच निघाली होती. मग शेंगा सोलता सोलता तिनं सहज विचारलं, “आणि तुला?”

मुलगी थांबली.

ही गोष्ट तिनं मनाच्या तळाशी पुरून ठेवली होती. इतक्या दिवसांत तिनं सगळ्यांचे रंग ओळखले, आपल्या नळाचा तेवढा बघितला नव्हता. तो वेगळाच धरला होता; बाबांच्या दुखण्यात. चौकातला नळ. ओंजळ धरणारा इंजिनिअर. तिच्या मापाची घटना, एकोणीस तारखेला आणून ठेवलेली. आणि तिनं चूक दाखवल्यावरची ती क्षणभराची शांतता. ती काही विसरलेल्या माणसाची नव्हती. ज्याचा रंग ऐकणाऱ्यानं लगेच ओळखला, त्याची होती.

“नळ,” ती म्हणाली. “चौकातल्या नळाला पाणी आलं, असं म्हणाले.”

आईनं मान वर केली. “म्हणजे तुझ्यावरसुद्धा?”

रोज संध्याकाळी फोनवर पुढची तारीख ऐकणारी. ती कोणाजवळ काय बोलते, याचा बाबांना काय पत्ता? घरचा नळ आधी तपासायचा, तिनंच तर शिकवलं होतं. आणि त्यांनी तसंच केलं होतं. पोटच्या पोरीलाही वगळलं नव्हतं. इतका चोख, इतका निष्ठुर हिशोब भरकटलेल्या डोक्याला जमत नाही.

तिला आधी हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही. आईनं शेंगांची परात बाजूला सरकवून जागा केली.

“माझ्यावरसुद्धा,” ती म्हणाली, आणि आईशेजारी भिंतीला पाठ टेकून बसली.